पोर्टल व्हेनमध्ये शिरलेला यकृताचा कर्करोग: काटोलच्या एका रुग्णाच्या उपचारांचा क्रम

रुग्ण ५८ वर्षांचे, काटोल तालुक्यातले संत्रा बागायतदार. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा आणि उपचारांचा प्रवास तसाच ठेवला आहे. उजव्या बरगडीखाली जडपणा, भूक मेलेली, चार महिन्यांत उतरलेलं वजन. एवढ्यावर आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग कावीळ समजून झाडपाल्याचं औषध झालं. काटोलच्या सोनोग्राफीत यकृतात मोठी गाठ दिसली, तेव्हा घरचे त्यांना मार्चच्या सुरुवातीला नागपूरला घेऊन आले.

इथे ट्रिपल फेज सीटी, म्हणजे औषध टोचून रक्तपुरवठ्याच्या तीन टप्प्यांत काढलेला सीटी, झाला. उजव्या भागात ९ सेंटिमीटरची गाठ होती. धमनीच्या टप्प्यात ती उजळत होती आणि पुढच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडत होती. सिरॉसिस असलेल्या, म्हणजे व्रणांनी कडक झालेल्या, यकृतात हे चित्र इतकं बोलकं असतं की सुई घालून तुकडा काढायची गरज बहुधा पडत नाही. एएफपी, म्हणजे यकृताच्या कर्करोगात बहुधा वाढणारं रक्तातलं प्रथिन, २१४० होतं. मुलाला पहिल्या दिवसापासून गाठीच्या आकाराची धास्ती होती. आम्हाला चिंता होती ती वेगळ्या गोष्टीची. गाठ पोर्टल व्हेनच्या, म्हणजे आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या, उजव्या फांदीत शिरली होती आणि तिचं टोक मुख्य शिरेच्या दुभाजकाशी येऊन थांबलं होतं. डावी फांदी मोकळी होती.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून येतं. डाव्या फांदीचं तोंड बंद झालं असतं तर उरलेल्या चांगल्या यकृताची रसद तुटली असती, पोटात पाणी झालं असतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटल्या असत्या. अशा रुग्णांचा जीव पुष्कळदा कर्करोग शरीरभर पसरल्यानं जात नाही, यकृत निकामी झाल्यानं किंवा रक्ताच्या उलटीनं जातो. गाठीचा शिरेत शिरलेला भाग गुठळीसारखा दिसतो, पण ती रक्ताची साधी गाठ नव्हे, तो कर्करोगच असतो. नुसत्या रक्त पातळ करण्याच्या औषधानं तो हटत नाही.

बाकी हिशेब असा होता. बिलिरुबिन १.४, अल्ब्युमिन ३.४, रक्त गोठण्याचा आयएनआर १.२, पोटात पाणी नाही, शुद्ध पूर्ण. यकृताची ताकद या सगळ्यांवरून मोजणारे चाइल्ड-प्यू गुण ६, म्हणजे अ गट, पण अ गटाच्या काठावर. प्लेटलेट ९२ हजार. हेपटायटिस बी पॉझिटिव्ह, आणि हे त्यांना ५८ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दारू नाही, बिडी होती. एंडोस्कोपीत अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्या, त्यांवर लाल ठिपके, म्हणजे फुटण्याच्या बेतात.

हेपटायटिस बीचा विषाणू दाबणारं टेनोफोविर त्याच दिवशी सुरू झालं. त्याच आठवड्यात अन्ननलिकेतल्या शिरांना बँड लावून त्या बांधल्या आणि त्यांतला दाब कमी करणारं कार्वेडिलॉल दिलं. कर्करोगाच्या उपचारांचं अजून काही ठरायचं होतं आणि मुलगा थोडा वैतागला होता. "डॉक्टरसाहेब, गाठ तशीच आहे अन् तुम्ही घशाचं करून राहिले!" त्याचं म्हणणं साहजिक होतं. पण पुढे कुठलाही मार्ग धरला असता तरी या शिरा आधी बांधाव्याच लागणार होत्या.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत, शस्त्रक्रिया आणि प्रत्यारोपण हे दोन पर्याय दोन मिनिटांत बाजूला पडले. शिरेत शिरलेला कर्करोग, सिरॉसिस, कमी प्लेटलेट आणि ९ सेंटिमीटरची गाठ. चीनमधल्या २०१९च्या एका चाचणीत शस्त्रक्रियेआधी १८ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन दिल्यावर वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण ७५ टक्के होतं, थेट शस्त्रक्रिया झालेल्यांत ४३. मात्र त्या चाचणीतले रुग्ण मुळातच शस्त्रक्रिया करण्याजोगे होते. आमचे नव्हते.

मग उरला खरा प्रश्न. कागदावर बघितलं तर अशा टप्प्याला पहिला उपचार म्हणजे औषध, तेही इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडणारं. अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीनं २०२०मध्ये सोराफेनिब या जुन्या गोळीला मागे टाकलं. पुढच्या अहवालात सरासरी जगणं १९.२ महिने विरुद्ध १३.४ महिने असं आलं. आमच्या रुग्णाला दोन अडचणी होत्या. बेव्हॅसिझुमॅब रक्तस्रावाची शक्यता वाढवतं आणि इथे शिरा नुकत्याच बांधलेल्या. दुसरी अडचण पैशाची. दर तीन आठवड्यांनी लाखांत जाणारा खर्च उचलायचा तर बागेचा तुकडा विकावा लागला असता. कुटुंब त्यालाही तयार होतं; वडील नव्हते. "बाग गेली तर पोरं काय करतीन?" एवढंच ते म्हणाले. आमच्या बोर्डात हा मुद्दा वैद्यकीय मुद्द्यांच्याच यादीत लिहिला जातो, आणि तो तिथेच असावा असं माझं मत आहे. डर्व्हालुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब या जोडीत रक्तस्रावाची भीती कमी. पण खर्चाचं गणित तेच, आणि मुख्य पोर्टल व्हेन बंद झालेले रुग्ण तिच्या चाचणीत घेतलेच नव्हते. आमची गुठळी दुभाजकापर्यंत आलेली, म्हणजे त्या सीमारेषेवरच.

गोळ्या मात्र परवडण्यासारख्या होत्या. सोराफेनिब एकेकाळी महिन्याला २ लाख ८० हजार रुपयांना पडायचं. मार्च २०१२मध्ये भारतानं नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना दिला आणि ८,८८० रुपयांत महिन्याभराच्या गोळ्या मिळण्याची वाट उघडली. तो देशातला असा पहिलाच परवाना होता. लेनव्हॅटिनिब ही तशीच दुसरी गोळीही आता जेनेरिक मिळते. प्रश्न असा की नुसत्या गोळीवर ती गुठळी दुभाजकाशी थांबून राहील का? गोळीला उत्तर द्यायला महिने लागतात आणि पुष्कळदा उत्तर येतही नाही. आमच्याकडे वेळ आठवड्यांचा होता.

इथे रेडिएशन चर्चेत आलं, आणि कशासाठी आलं हे नेमकं सांगायला हवं. ९ सेंटिमीटरची गाठ पूर्ण जाळणं हा हेतू नव्हता. गुठळी आटोक्यात आणायची, डाव्या फांदीचा रस्ता मोकळा ठेवायचा आणि त्यातून यकृताला पुढची औषधं सोसण्याइतकं सक्षम ठेवायचं, एवढंच काम होतं. सोलमधल्या एका रुग्णालयात ९० रुग्णांवर झालेली चाचणी २०१८मध्ये प्रसिद्ध झाली. शिरेत शिरलेल्या कर्करोगासाठी एका गटाला टेस (गाठीच्या धमनीत औषध सोडून ती बंद करणं) आणि रेडिएशन, दुसऱ्याला सोराफेनिब. १२ आठवड्यांनी आजार वाढला नव्हता अशांचं प्रमाण पहिल्या गटात ८६.७ टक्के, दुसऱ्यात ३४.३. सरासरी जगणं ५५ आठवडे विरुद्ध ४३. आकडे देखणे आहेत. पण चाचणी एकाच केंद्रातली आणि तुलना आज मागे पडलेल्या औषधाशी. बोर्डात मी हे दोन्ही सांगितलं.

दुसरी मोठी चाचणी उत्तर अमेरिकेतली, एसबीआरटी या नेमक्या मोठ्या मात्रेच्या रेडिएशननंतर सोराफेनिब विरुद्ध नुसतं सोराफेनिब. २९२ रुग्ण घ्यायचे होते. मधेच इम्युनोथेरपी आली, तुलनेचं औषधच जुनं झालं आणि १९३ रुग्णांवर भरती थांबवावी लागली; हिशेबात १७७ रुग्ण धरले गेले. जगणं १५.८ महिने विरुद्ध १२.३, आजार न वाढता गेलेला काळ ९.२ विरुद्ध ५.५. जगण्यातला फरक पहिल्या हिशेबात सांख्यिकीच्या काठावर राहिला. माझ्या मते यातून दिशा कळते, शिक्कामोर्तब होत नाही. इट्रियमचे किरणोत्सारी मणी धमनीतून सोडायचा पर्यायही निघाला. फ्रान्समधल्या आणि आशियातल्या दोन मोठ्या चाचण्यांत सोराफेनिबपेक्षा जगणं वाढलं नव्हतं आणि खर्च मोठा, म्हणून तो थोडक्यात संपला.

एसबीआरटी का नाही, हा प्रश्न आमच्याच कनिष्ठ सहकाऱ्यानं विचारला. पाच बैठकांत मोठी मात्रा देण्याची ती पद्धत लहान गाठीला फार चांगली. इथे दुभाजकाला चिकटून लहान आतड्याची सुरुवात होती. तिथे मोठी मात्रा गेली की व्रण होतो, आणि प्लेटलेट ९२ हजार असताना व्रणातून होणारा रक्तस्राव म्हणजे वेगळंच संकट. म्हणून ४५ ग्रे, १५ बैठकांत, रोज ३ ग्रे. लक्ष्य ठरलं ते गुठळी आणि तिला लागून असलेला गाठीचा २ सेंटिमीटरचा पट्टा. निरोगी यकृताला जाणारी सरासरी मात्रा १९ ग्रे आली. रोज २ ग्रे देताना अ गटातल्या सिरॉसिसला साधारण २८ ग्रेची मर्यादा सांगितली जाते. रोज ३ ग्रे देताना ती खाली धरावी लागते. आमच्याकडे थोडीच जागा उरली होती.

त्याआधी मार्चअखेर टेस झालं. गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं, म्हणून त्या धमनीत डॉक्सोरुबिसिन आणि लिपिओडॉल सोडून तिची वाट बंद करायची. पोर्टल व्हेन बंद असलेल्या भागात हे धोक्याचं, कारण दोन्हीकडचा पुरवठा एकदम तुटतो. डावी फांदी मोकळी असल्यानं इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट तयार झाले, पण फक्त गाठीला जाणाऱ्या बारीक फांद्यांत शिरूनच करीन या अटीवर. ताप आणि दुखणं चार दिवस राहिलं, मग ओसरलं.

"मुंबईला टाटात न्यायचं का?" हा प्रश्न विदर्भातल्या प्रत्येक कुटुंबात येतो. इथेही आला, आणि मी अशा वेळी नाही म्हणत नाही, दुसरं मत घ्यायला सांगतो. मुलगा फाइल घेऊन एकटाच जाऊन आला. क्रमाबद्दल तिथेही दुमत नव्हतं, आणि तीन आठवडे रोजच्या बैठकांसाठी मुंबईत राहण्यापेक्षा मानेवाड्यातल्या बहिणीकडे राहणं बरं, असं घरच्यांनीच ठरवलं.

रेडिएशन एप्रिलच्या मध्याला सुरू झालं. यकृत श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर खालीवर सरकतं. रुग्णाला श्वास धरता आला तर काम सोपं होतं, पण यांना बिडीचा खोकला. दहा सेकंदांतच ठसका. म्हणून पोटावर पट्टा आवळून हालचाल कमी केली आणि श्वासाच्या सगळ्या टप्प्यांचा ४डी सीटी घेऊन लक्ष्य आखलं. जठर रोज सारख्याच स्थितीत हवं म्हणून बैठकीआधी तीन तास उपाशी राहायला सांगितलं. एप्रिलअखेरच्या नागपुरात दुपारची वेळ दिली तर उपाशी, तहानलेला सिरॉसिसचा रुग्ण घेऊन ४४-४५ अंशांत ऑटो फिरणार. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंड बिघडतं, बद्धकोष्ठ होतो, भान हरपायला वेळ लागत नाही. म्हणून त्यांना सकाळी आठची पहिली बैठक दिली. यंत्राच्या वेळापत्रकात हा बदल करून घ्यायला मला भौतिकशास्त्रज्ञांपेक्षा स्वागतकक्षाशी जास्त बोलावं लागलं.

रेडिएशननंतर लेनव्हॅटिनिब द्यायचं ठरलं होतं, पण या काळात ते दिलं नाही. मुलाला ते पटत नव्हतं. "लाईट अन् गोळी संगच दिली तर लवकर नाही का होणार?" लाईट म्हणजे रेडिएशन. दोन्ही एकदम दिले तर आतड्याला आणि यकृताला होणारा त्रास वाढतो, असा अनुभव सोराफेनिबबरोबरच्या सुरुवातीच्या अभ्यासांत आला आहे. त्या अमेरिकी चाचणीतही गोळी रेडिएशन संपल्यावरच सुरू केली होती. आम्ही मे महिन्याच्या अखेरीपर्यंत थांबलो. वजन ५७ किलो, म्हणून मात्रा रोज ८ मिलिग्रॅम; ६० किलोंच्या वर असते तर १२ दिली असती.

जूनमध्ये एएफपी ६१० वर आलं. सगळे खूश. जुलैच्या मध्यात ते डोळे पिवळे आणि पोट फुगलेलं घेऊन आले.

बिलिरुबिन ३.८, अल्ब्युमिन २.९, यकृताच्या एन्झाइमांपैकी एएलटी ४१२, अल्कलाइन फॉस्फटेज किंचित वाढलेलं. चाइल्ड-प्यू गुण ६ वरून ९. रेडिएशन संपून दहा आठवडे झाले होते. रेडिएशनमुळे यकृताला होणारी इजा साधारण दोन आठवडे ते चार महिने या काळात दिसते, आणि एएलटी सामान्य मर्यादेच्या पाचपटीच्या वर गेलं किंवा चाइल्ड-प्यू गुण दोननं वाढले की व्याख्येप्रमाणे ती झाली असं नोंदवता येतं. आकडे तंतोतंत बसत होते. वॉर्डमध्ये सगळ्यांचं बोट रेडिएशनकडेच होतं आणि घरच्यांनाही तसंच सांगून झालं होतं.

एकत्र उपचारांची खरी गैरसोय इथे दिसते. टेस, रेडिएशन, लेनव्हॅटिनिब, हेपटायटिस बी, मूळ सिरॉसिस आणि कर्करोग. संशयित सहा, आणि प्रत्येकजण यकृतच बिघडवतो. कुणाचं काम आहे हे वेगळं काढल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. रेडिएशनची इजा असेल तर आधार देत वाट बघायची. गोळीचा दोष असेल तर गोळी बंद करायची. गुठळी वाढली असेल तर सगळा बेतच बदलायचा.

गोळी आधी थांबवली. शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर केला: डावी फांदी मोकळी, गुठळी वाढलेली नाही. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग नव्हता. रेडिएशनच्या ठराविक इजेत फॉस्फटेज फार वाढतं आणि एएलटी त्यामानानं कमी. इथे उलट होतं. मग हेपटायटिस बीचं डीएनए मोजलं. सुरुवातीला ८६ हजार होतं, ते आता २० लाखांच्या वर.

टेनोफोविर बंद होतं. कुणी जाणूनबुजून बंद केलं नव्हतं. बँडिंगनंतरच्या डिस्चार्ज कार्डावर त्यापुढे "९० दिवस" असं लिहिलेलं होतं. ९० दिवस जूनच्या सुरुवातीला संपले. पाकीट रिकामं झालं आणि सुनेनं कार्ड वाचून बाजूला ठेवलं. तिनं वाचलं ते बरोबरच होतं. त्याच सुमारास कॅन्सरची महत्त्वाची गोळी सुरू झाली होती, सगळ्यांचं लक्ष तिच्यावर. खरं तर ही गोळी यांना जन्मभर घ्यायची आहे. कर्करोगाचं कुठलंही औषध किंवा यकृतावरचं रेडिएशन चालू असताना विषाणू उसळायची शक्यता वाढते, तेव्हा तर एक दिवसही चुकायला नको.

टेनोफोविर पुन्हा सुरू केलं, पाणी उतरवायची औषधं दिली, मीठ कमी केलं. आठ आठवड्यांत बिलिरुबिन १.६ वर आलं, पोट उतरलं. रेडिएशनचा यात काहीच वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही. ज्या यकृताला १९ ग्रे मिळाले आहेत त्याला विषाणूचा धक्का जास्त लागतो. पण मुख्य गुन्हेगार सापडला होता, आणि तो सापडला नसता तर हे प्रकरण आमच्या नोंदवहीत "रेडिएशनची इजा" म्हणून बंद झालं असतं आणि रुग्ण बहुधा गेला असता.

त्यानंतर आमच्याकडे एक साधा बदल झाला: टेनोफोविर आणि त्याच कामाच्या एन्टेकॅविरच्या चिठ्ठीवर दिवसांचा आकडा लिहीत नाहीत, "बंद करायची नाही" असं मराठीत लिहितात. ज्या महिन्यांत कर्करोगाचे उपचार चालू असतात त्या महिन्यांत रुग्णानं गोळीचं रिकामं पाकीट आणून दाखवायचं. नर्सबाईंनी ही पद्धत सुरू केली, आम्ही नाही.

सप्टेंबरच्या सीटीवरून पुन्हा थोडा गोंधळ झाला. अहवालात गाठीच्या कडेला अजून उजळपणा दिसतो, सबब आजार शिल्लक, असं लिहून आलं. रेडिएशननंतर असा उजळपणा काही महिने टिकू शकतो. तीन-चार महिन्यांच्या स्कॅनवर अपयशाचा निकाल देणं घाईचं होतं. गुठळी मात्र आक्रसली होती आणि तिच्यात रक्ताचा मागमूस नव्हता. एएफपी १८०. लेनव्हॅटिनिब रोज ४ मिलिग्रॅमवर पुन्हा सुरू केलं, नोव्हेंबरात ८. रक्तदाब वाढला, तो गोळीनं आवरला. तळपायांना चिरा पडल्या. संत्र्याचा आंबिया बहार निघत होता आणि चपला घालून बागेत फिरायची त्यांना सवय नव्हती. मऊ बूट घेऊन दिले ते मुलानं.

वर्ष झालं तेव्हा, मार्चमध्ये, फुप्फुसांत तीन बारीक गाठी दिसल्या आणि एएफपी पुन्हा ९४० झालं. यकृतातला आजार जागच्या जागी, डावी फांदी मोकळी, चाइल्ड-प्यू ६. मुलानं विचारलं, "लाईट पुन्हा द्या ना, त्यानं तर फरक पडला होता." यकृतावर आता तेवढी मात्रा देण्याजोगी जागा उरलेली नाही, आणि फुप्फुसातल्या गाठींनी सध्या काही बिघडवलेलंही नाही. पुढे बरगडीखालचं दुखणं परतलं तर एकाच बैठकीत ८ ग्रे देता येतात. कॅनडातल्या २०२४च्या चाचणीत अशा एका मात्रेनं महिन्याभरात ६७ टक्के रुग्णांचं दुखणं कमी झालं होतं, नुसत्या आधारोपचारांत २२ टक्के. तो उपाय राखून ठेवला आहे.

आता इम्युनोथेरपीचा प्रश्न नव्यानं उभा आहे, पण वर्षापूर्वीपेक्षा वेगळ्या जमिनीवर. शिरा दोनदा तपासून झाल्या आणि सपाट आहेत, विषाणू मोजता येत नाही इतका दबलेला आहे, यकृत अ गटात टिकलं आहे. बाग विकायची नाही हे ठरलेलंच आहे. समाजसेवा विभागानं मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि औषध कंपनीच्या रुग्ण-मदत योजना, असे दोन अर्ज भरले आहेत. पहिल्या डोसाआधी थायरॉइड, साखर, लघवीतलं प्रथिन आणि एक एंडोस्कोपी एवढं बाकी आहे. लेनव्हॅटिनिब त्यासाठी दोन आठवडे आधी थांबवलं आहे. टेनोफोविर चालू आहे.